वाचकाला पटणारा फोटो

मी जिच्यामुळे शिकलो तिचं नाव सुंदराबाई. माझी थोरली बहीण, अक्का. चौथीतून शाळा सोडून ती मेंढरांमागं गेली, म्हणून मी कॉलेजात गेलो. घरातला पहिला पदवीधर.

त्या अक्काला सोलापुरातल्या आमच्या दैनिकाच्या ऑफिसात संपादकांनी चपला काढायला लावल्या.

तिच्यावर लिहिलेल्या माझ्या लेखाला राज्य पातळीवरचा पुरस्कार मिळाला होता. रविवारच्या पुरवणीत आम्हा दोघांचा फोटो जाणार होता. अक्का इस्त्रीची साडी नेसून, चष्मा लावून आली. संपादकांनी तिच्याकडं बघितलं आणि मला म्हणाले, "अरे, ही तर मास्तरीण दिसते. वाचकाला पटणार नाही."

चपला गेल्या. चष्मा गेला. बाजारातून आणलेली कोरी घोंगडी तिच्या खांद्यावर आली.

अक्का म्हणाली, "सायेब, हितं लई गार हवा सोडलीया. तुमीच पांघरा की."

सगळे हसले. संपादक म्हणाले, "वा! हेच शीर्षक."

किती वर्षं मी महापालिकेच्या बातम्यांचं काम मागत होतो. उत्तर ठरलेलं. "तुझं गावाकडचंच बरं. अजून एखादी आत्या-मावशी बघ लिहायला." आणि मी म्हणायचो, "थँक्यू सर." संधी दिली होती ना त्यांनी. त्या आभारातच मी कोंडला गेलो. पुरस्कारानं तर बाहेरून कडी लावली.

अक्का डोळे बारीक करून मला शोधत होती. चष्म्याशिवाय मी तिला नीट दिसत नव्हतो.

मी टेबलावरचा चष्मा उचलून तिच्या हातात दिला. "सर, फोटो निघेल तो ती आली तशाच वेषात. नाहीतर निघणार नाही."

"तुला मोठं कुणी केलं, विसरलास?"

"नाही सर. ती इथं अनवाणी उभी आहे."

फोटो निघाला नाही. अक्का दुपारच्या एसटीनं गेली. फोनवर ती मला बोलू देत नाही, म्हणून नंतर पत्र लिहिलं:

"अक्का, मला पुरवणीतून काढलंय. आता वाढदिवस आणि श्रद्धांजलीच्या मजकुरावर बसवलंय. माफी माग म्हणतात. मागितली नाही, मागणार नाही. नोकरीही सोडणार नाही. ती मी कष्टानं मिळवलीय, काढायचं तर त्यांनी काढावं. काम आटोपलं की मी महापालिकेत जातो. बातमी लिहून संपादकांच्या टेबलावर ठेवतो. ते बाजूला सारतात. उद्या पुन्हा ठेवीन. पण आपल्या घरातलं एक अक्षरही आता त्यांना मिळणार नाही."