कातळावरचा भंडारा

खरं सांगायचं तर देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून जरा आखडूच. कराडला माझं लेथचं वर्कशॉप आहे. मापात बसेल ते खरं, एवढंच मला कळतं. घराबाहेर पडताना आई रोज पालीच्या खंडोबाचा भंडारा माझ्या कपाळाला लावायची आणि फाटकापाशी पोहोचताच मी तो रुमालानं पुसून टाकायचो. तिला हे ठाऊक नसेल, असं मी समजत होतो.

गेल्या वर्षी संपत आणि मी हिमाचलात ग्रॅनाइटचा एक सुळका चढायला निघालो. संपत तासगावकडचा, फौजेतून निवृत्त झालेला, आता द्राक्षबाग करतो. सह्याद्रीचे कडे चढता चढताच आमची दोस्ती जमली. निघताना आईनं भंडाऱ्याची पुडी पुढं केली. "ही ठेव रं पिशवीत. आधी डोंगराला लाव, मग पाय ठेव." मी म्हणालो, "आई, वजन नको म्हणून आम्ही टूथब्रशची दांडीसुद्धा मोडून नेतो. ही कुठं ठेवू?" पुडी कपाटावर ठेवून मी बाहेर पडलो. तिचा चेहरा उतरला होता, पण मी तिकडे बघायचं टाळलं.

घामानं पकड सुटू नये म्हणून आम्ही कमरेला चॉकच्या पांढऱ्या भुकटीची पिशवी बांधतो. सुळक्याच्या पायथ्याशी संपतनं आपल्या पिशवीत हात घातला, तो पिवळाजर्द होऊन बाहेर आला. गड्यानं भुकटीत भंडारा कालवला होता. "तुझ्या माघारी आईंनी दिला. डोंगराला लावतो म्हणून शब्द दिलाय त्यास्नी." मी पोटभर हसलो. "हळद तर लागली, आता वरात कवा?" तो चिडला नाही. कातळाला बोटं टेकवून 'येळकोट' म्हणाला आणि चढू लागला.

आपल्याकडच्या कातळाला आडव्या कपारी असतात, पाय टेकायला जागा मिळते. ग्रॅनाइटला मात्र उभ्या भेगा. त्यांत पंजा घालून मूठ आवळायची आणि इंच इंच वर सरकायचं. सगळे अवघड टप्पे संपतनंच पुढं राहून काढले. दुपारी माथा गाठला आणि थोड्याच वेळात ढग उतरले, बारीक गारा सुरू झाल्या.

चढलो त्याच वाटेनं दोरावरून उतरताना मी पुढं होतो. पहिले दोन टप्पे नीट पार पडले. तिसऱ्यात एक अरुंद कपार गाठायची होती. पुढचा दोर अडकवायचे बोल्ट तिथंच होते. पण धुक्यात शेजारी शेजारी तीन सारख्याच भेगा, आणि गारांनी सगळा कातळ पांढरा. मी डावीकडच्या भेगेनं उतरत गेलो. दोराच्या टोकाची गाठ पुरुषभर खाली दिसू लागली, तरी कपारीचा पत्ता नाही. खाली नुसती पोकळी. संपतपर्यंत हाक पोहोचेना, आणि गारठलेल्या हातांत परत वर चढायची ताकद नव्हती. मी फार घाबरलो. आईचा उतरलेला चेहरा आठवला आणि तोंडून निघालं, "देवा, मला काही कळत नाही. आता तूच बघ."

धुकं विरलं असंही नाही. पण उजवीकडे, चार-पाच हातांवर, भेगेच्या कडेला पिवळी बोटं दिसली. त्याखाली आणखी एक पंजा. चढताना उमटलेल्या माझ्या पांढऱ्या खुणा गारांत कुठल्या कुठं गेल्या होत्या. संपतच्या हातचा भंडारा तेवढा ओल्या दगडाला धरून राहिला होता. तिथं जायचं तर कातळाला बिलगलेलं अंग सोडून मागं दोरावर भार टाकावा लागणार होता, आणि भीतीनं मी नेमकं तेच करत नव्हतो. मी अंग सोडलं, पायांनी रेटा दिला. दुसऱ्या झोक्याला ती भेग हाती आली. दोनच हात खाली कपार होती.

मागून संपत उतरला. मी त्याला तो पंजा दाखवला. त्यानं त्यावर आपली बोटं टेकवून पाहिली. "आईस्नी सांगू नगंस," म्हणाला, "रडतील."

कोणी म्हणेल, रंग पिवळा होता म्हणून दिसला. असेल. मी वाद घालत नाही. मी नाकारलेलं माझ्यासाठी कुणीतरी तिथवर नेलं, एवढं मला पुरतं.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला निघालो. आई भंडारा घेऊन आली, पण हात पुढं करायला जरा कचरली. मी वाकून कपाळ पुढं केलं, आणि खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"आन् आज काय फाटकापाशी घाम न्हाई यायचा व्हय?" ती म्हणाली.

इतकी वर्षं तिला ठाऊक होतं, आणि तरी तिनं एक दिवससुद्धा चुकवला नव्हता.