धोंडिबाचे कान

हे मी आजवर कुणापुढे बोललेलो नाही. बायको गेली, तिलाही नाही. आता सांगतोय ते मन मोठं झालंय म्हणून — छे, मन कसलं मोठं होतंय माझं!

मांजरसुंब्याजवळच्या एका उपकेंद्रात मी आरोग्य सेवक होतो. निरोपाच्या भाषणात साहेब मला "कर्तव्यदक्ष" म्हणाले. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

धोंडिबा मेंढपाळ. त्याला क्षय झाला होता, साध्या गोळ्यांना न जुमानणारा. रोज एक इंजेक्शन, सहा महिने. या औषधानं कान जाऊ शकतात, हे आम्हाला प्रशिक्षणात बजावलं होतं. म्हणून दर महिन्याला तक्ता भरायचा — कानात आवाज येतो? चक्कर येते? ऐकू कमी येतं? रुग्णाला समोर बसवून विचारायचं. मी विचारत होतो का? ढाब्यावर चहा पीत सगळ्यांचे तक्ते एका बैठकीत उरकायचो. तक्रार नाही. तक्रार नाही. अक्षर मात्र सुरेख!

तिसऱ्या महिन्यात धोंडिबा आपणहून म्हणाला, "डॉक्टर, कानात लई रातकिडे वरडायलेत."

सुई टोचता टोचता मी म्हणालो, "मेंढरांचं बें बें ऐकून कान किटले बे तुझे."

तोही हसला. विश्वास होता ना माझ्यावर.

तेव्हाच लिहिलं असतं तर? कान तपासले असते, औषध बदललं असतं. पण त्याला घेऊन बीडला मला जावं लागलं असतं, वर खुलासे द्यावे लागले असते. त्या कंटाळ्यापायी — दुसरं कारण शोधू नका, मी शोधून थकलो — मी लिहिलं, तक्रार नाही.

क्षय बरा झाला. धोंडिबा ठार बहिरा झाला. रस्त्यावर मागून येणारी गाडी कळेना, तेव्हा घरच्यांनी मेंढरं विकून टाकली.

मग एक दिवस त्याची बायको कोंडाबाई उपकेंद्रावर आली. "भाऊ, खरं सांगा. सुयांनी तर न्हाई ना झालं?"

इतकं सरळ कुणी विचारल्यावर माणूस काय करतो? मी म्हणालो, "वयानं होतं, कोंडाबाई." धोंडिबानं चाळिशीसुद्धा ओलांडली नव्हती. तिनं मला हात जोडले.

सुयांनीच झालं. मला ठाऊक होतं.

दोघं अजून आहेत, माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. कोंडाबाईला मी हे सांगितलेलं नाही. तिच्याआधी तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर नाही. एवढाच माझा धीर.