शिडी कोणी नेली

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये सुरक्षा सप्ताहाचा कार्यक्रम चालला होता. पडद्यावर जुना, बिनआवाजाचा विनोदी पिक्चर. एक गोरा रंगारी वर दुकानाची पाटी रंगवण्यात दंग. खालून मिशीवाला मालक आला, शिडी खांद्यावर टाकून चालता झाला. रंगाऱ्यानं उतरायला पाय टाकला तर खाली काहीच नाही. थोडा वेळ तो पाटीला लोंबकळला आणि धप्पकन रंगाच्या पिंपात पडला. मिलची सत्तर माणसं पोट धरून हसली.

मागच्या रांगेत केरबाचं डोकं सणकलं. यात हसण्यासारखं काय होतं?

केरबा मिलचा वीस वर्षांचा जुना फिटर. गेल्या साली तो वरच्या चाळणीचा पट्टा बसवत होता, खाली शिडी धरायला विनोद होता. मॅनेजर विरूपाक्ष साहेबांना ट्रकवर ताडपत्री टाकायची घाई, म्हणून त्यांनी विनोदला शिडीसकट बोलावून घेतलं. वरच्या माणसाला एक हाक मारावी, एवढंही कुणाला सुचलं नाही. पिक्चरमधल्या गड्याच्या नशिबी पिंप होतं, केरबाच्या नशिबी फरशी. मांडीचं हाड मोडलं. पुढं चौकशीचा देखावा झाला, चौघांचे जबाब घेतले आणि कागदावर आलं, ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’. चोर सोडून संन्याशाला सुळी! हाड जुळलं, केरबा गेटवर राखणीला बसू लागला, पण तो एक शब्द त्याला जगू देईना. खरं सांगा म्हणून तो चौघांच्याही घरी जाऊन आला. विनोदनं चहा पाजला आणि विषय बदलला.

पिक्चर संपला. नांदेडहून व्याख्यानाला आलेल्या तनुजा मॅडमनी विचारलं, “सांगा, चूक कोणाची?”

“शिडी नेणाऱ्याची,” सगळे एका सुरात बोलले. त्यात विनोदचाही आवाज होता. विरूपाक्ष साहेबांनी तर मानही डोलावली.

ते पाहून केरबाला राहवेना. काठी टेकत तो उठला.

“मॅडम, मी बी इथंच पडलो. माझी शिडी कोणी नेली, ते बी इचारा की यांना. त्या रंगाऱ्याला सत्तर साक्षीदार हायत, मला एक न्हाई.”

“केरबा, बस खाली. चहा थंड होतोय,” विरूपाक्ष साहेब म्हणाले.

मॅडमनी मात्र सगळ्यांकडं पाहत विचारलं, “कोणी नेली होती?” पुरुषांच्या माना खाली गेल्या. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून डाळ निवडणारी सरजाबाई पदर सावरत उभी राहिली.

“साहेबांनी सांगितलं अन् विनोदनं नेली. मी तिथंच डाळ निवडत होते. माझ्या डोळ्यांनी बगितलं.”

केरबाला बरं वाटायला हवं होतं. पण वर्षभर कोंडलेला संताप नेमका तिच्यावरच फुटला.

“मग वर्षभर कुठं होतीस, बाई?”

“इथंच हाय की, दादा. रोज गेटातून तुमच्यासमोरून जाते. मला कुणी इचारलंच न्हाई.”

चौकशीवाल्यांनी बायकांना विचारलं नव्हतं, हे खरं. पण केरबा स्वतः वर्षभर त्या चार पुरुषांच्या दारी चपला झिजवत होता, आणि सरजाबाई त्याच्याच गल्लीत राहत होती.