ओहोटीबाईंचं मंडळ

ओहोटीबाईंनी सभेची वेळ कधी घड्याळात सांगितली नाही. "अमावास्येला, पाणी उतरलं की," एवढाच निरोप. कॉलेजात त्या आम्हाला प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि आमचं शंख-शिंपले अभ्यास मंडळ त्यांनीच उभं केलेलं. मिऱ्याच्या किनाऱ्यावरच्या खडकांवर, घोटाभर पाण्यात आमच्या सभा व्हायच्या. कोणी मनगटाकडे पाहिलं की बाई डाफरत, "मेल्या, घड्याळ कसलं बघतोस? समुद्र बघ!"

उचललेला जिवंत शंख परत त्याच खडकावर, त्याच अंगाने ठेवायचा, ही सक्त ताकीद. "तुझं घर कोणी उलटं करून गेलं तर चालेल तुला?" म्हणायच्या. रिकामे शिंपले तेवढे मंडळाच्या कपाटात जायचे.

पुढे मंडळ वाढलं. नवी मुलं हुशार होती, खोटं कशाला बोलू? त्यांनी आधी खारफुटी आणली, मग मासेमारी, मग हवामान. नावातले शंख-शिंपले जाऊन 'सागरी' आलं. तेही गेलं आणि 'पर्यावरण' आलं. दर वेळी बाईंनी बाजूनेच हात वर केला. "विषय वाढायलाच हवा रे," म्हणाल्या, "फक्त सभा किनाऱ्यावर राहू देत." तेवढंच त्यांचं मागणं.

तेही राहिलं नाही. सभा रविवारी अकराला, हॉलमध्ये, पडद्यासमोर होऊ लागल्या. एकदा खास बाईंसाठी म्हणून किनारा-फेरी ठेवली. रविवारीच, आणि नेमकी अमावास्येच्या भर भरतीला! खडक सगळे पाण्याखाली. पोरांनी बॅनर धरून फोटो काढले, बाई बंधाऱ्यावर बसून राहिल्या. परतताना रिक्षात एवढंच म्हणाल्या, "ह्यात वाईट कोणीच नाही रे. म्हणून तर भांडताही येत नाही." मला रडू आवरेना.

कपाटाची जागा संगणकांना लागली, तेव्हा शिंपले बाईंच्या पडवीत येऊन पडले. त्या रोज पुसायच्या. सभेला जाणं त्यांनी सोडलं, आणि का येत नाहीत म्हणून विचारायला कोणी आलं नाही.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. घर रिकामं करायला त्यांचा मुलगा मुंबईहून आला. पडवीतल्या शिंपल्यांसाठी टेम्पो दारात उभा करून मी मंडळाच्या अध्यक्षाला फोन लावला. तोही बाईंचाच विद्यार्थी. हळहळला, अगदी मनापासून हळहळला. मग म्हणाला, "पण शिंपले आता आपल्या विषयात कुठे बसतात रे?"

मी फोन ठेवला. बाईंचा मुलगा विचारत होता, "दादा, टेम्पोवाल्याला काय सांगू? कुठे न्यायचं?"