आत्याच्या नावाची नक्कल

"आजी, या प्रकरणात तुमचं नाव आहे का?" पेणच्या कोर्टाच्या खिडकीतल्या कारकुनानं विचारलं.

"नाव हाय का नाय तेच बघायला आलेय ना रे बाबा," आत्या म्हणाली.

मागे रांगेत उभे असलेले दोघं-तिघं हसले. मीही हसले. कारकून बिचारा चांगला होता. त्यानं समजावलं की पक्षकार असाल तर साध्या अर्जावर कागदांची नक्कल मिळते, नसाल तर प्रतिज्ञापत्र करून कारण द्यावं लागतं, आणि काहीही असलं तरी प्रकरणाचा नंबर आणि साल हवं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पेणच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण होते, तेव्हा नंबर आणि साल मला ठाऊक असणारच, असा तिचा समज. माझ्या ज्ञानावर त्या बाईचा फार विश्वास. त्याच विश्वासानं पुढे घात केला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. मूलबाळ नाही, नवरा जाऊन जमाना झाला. रोह्याला नदीच्या पलीकडे, अष्टमीत, दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहते. यंदा मालकानं निरोप दिला, इमारत पाडायची आहे, दिवाळीच्या आत जागा खाली करा. आत्या घाबरली नाही. म्हणाली, माझ्या बापाचा कारखाना हाय जोह्याला. मागची माती ठेवायची खोली मला पुरे.

कारखाना म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा. पेणजवळच्या जोह्यात घरोघरी तेच, दुसरा कसला असणार! आजोबांनी उभा केला, वडिलांनी चालवला, आणि वडिलांमागे माझ्या भावानं तो बंद करून जागा एका कंपनीला गोदामासाठी द्यायचं ठरवलं. आत्या त्याच्याकडे गेली तेव्हा त्यानं तिला चहा दिला, पाया पडला, आणि म्हणाला, "चार दिवस राहा की आत्या, कोण नाय म्हणतं? पण कायमचं म्हणशील तर कागदावर तुझं नाव कुठं आहे?" माझा भाऊ गोड बोलतो. वडिलांचंच वळण ते.

"कागद हाय," आत्या मला म्हणाली. "तुझे आजोबा गेले त्या साली तुझा बाप माझ्याकडं आलेला. पुलावरच भेटला. म्हणाला, अक्का, कोर्टातनंच येतोय, आपल्या दोघांची नावं वारस म्हणून लागली. मी त्याला जेवल्याबिगर सोडला नाय त्या दिवशी." चाळीसेक वर्षं ती या एका वाक्यावर निवांत बसली होती. कोर्ट कुठलं म्हणाल तर रोह्याचं, कारण तिचा भाऊ आला होता रोह्याच्या बाजूनं! म्हणून आम्ही आधी रोह्याला अर्धा दिवस घालवला. तिथल्या माणसानं विचारलं, मिळकत कुठली? जोह्याची. मग मावशी, पेणला जा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही दोघी दोन-दोन कोर्टांच्या पायऱ्या चढून आलो, आणि आत्याचे गुडघे असे की प्रत्येक पायरीला एक थांबा.

पेणच्या त्या खिडकीनंतर मी तिला घरी पाठवलं. म्हटलं, तू नको येऊस, मी शोधते.

साल कसं काढायचं? मोबाइलवर हल्लीची प्रकरणं दिसतात, इतकी जुनी नाहीत. आजोबा गेले त्या वर्षी आमच्या घरी गणपती बसला नव्हता. कारखान्यात रांगेनं मूर्ती आणि देव्हाऱ्यासमोरचा पाट रिकामा, असं ते एकच वर्ष. मी तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते. तेवढ्यावरून साल जुळलं. वारस दाखल्याची प्रकरणं किरकोळ अर्ज म्हणून नोंदतात, असं कारकुनानंच सांगितलं. त्यानं जुनी नोंदवही काढून दिली आणि मी उभ्या उभ्या पानं उलटत गेले. माणसं मेली, त्यांची घरं, शेतं, मिठागरं मागं राहिली, आणि कोर्टात ती सगळी किरकोळ. तिसऱ्या दिवशी अर्जदार म्हणून वडिलांचं नाव सापडलं. नंबर मिळाला. आनंद असा झाला म्हणून सांगू, मी बाहेर येऊन आत्याला फोनच लावला. "नंबर मिळाला गो आत्या!"

"मग मिळालंच की," ती म्हणाली. "कोर्ट काय इसरत नाय." त्याच संध्याकाळी तिनं भांडी पोत्यात भरायला काढली, हे मला मागून कळलं.

प्रकरण जुनं, रेकॉर्ड जिल्ह्याला गेलेलं. तिथून मागवायला तीन आठवडे लागले. मी अर्जावर स्टॅम्प लावला. "मूळ अर्जदाराशी नातं" या रकान्यात "मुलगी" लिहिलं. मला परवानगी लगेच मिळाली. ज्याची मिळकत त्याच्या सख्ख्या लेकीला प्रतिज्ञापत्र, आणि मला साधा अर्ज. हे तेव्हाच खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

आता आखणीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गणपतीचे डोळे काढतात त्याला आखणी म्हणतात. मूर्ती साच्यातून निघते, वाळते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी डोळे. तिथं हात हलला तर आधीची सगळी मेहनत पाण्यात. आमच्या कारखान्यात आखणी आत्याची. आषाढ लागला की ती रोह्याहून माहेरी यायची आणि गणपतीच्या आदल्या रात्रीपर्यंत पाटावर बसून डोळे काढायची. ती आखणीला बसली की पंखा बंद, बोलणं बंद. ती मान वर करत नसे. लोक गणपती घेताना म्हणायचे, डोळे बघा, बोलतील आता! वडील मिशीला पीळ द्यायचे. आत्याला मजुरी? छे छे! माहेरवाशिणीला मजुरी देतात का कुणी? शोभतं का? एक लुगडं आणि पिशवीभर तांदूळ देऊन तिची बोळवण व्हायची, आणि ती खूश होऊन जायची. माझ्या आईला तेही जास्त वाटायचं.

तिनं मलाही शिकवायचा प्रयत्न केला. "श्वास धर. रेघ ओढ. मंग सोड." माझ्या हातून डोळा कधी जमला नाही, पण अक्षर सुधारलं. इतकं की शाळेत फळ्यावर सुविचार मी लिहायचे, गावातल्या लग्नपत्रिकांवर नावं मी घालायचे. कारखान्याचा पत्रव्यवहार वडील माझ्याकडूनच लिहून घ्यायचे.

रेकॉर्ड आलं. लाल फडक्यातला गठ्ठा. कारकुनानं गाठ सोडून आमचं प्रकरण वेगळं काढलं आणि समोरच्या बाकावर बसून बघायला सांगितलं. वर अर्ज, टाइप केलेला. मग आजोबांच्या मृत्यूचा दाखला. मग वडिलांचं प्रतिज्ञापत्र: मयतास मी एकुलता एक मुलगा, माझ्याखेरीज मयतास अन्य कोणीही वारस नाही. खाली वडिलांची सही, झोकदार.

मला राग आला. खरंच आला. मनात म्हटलं, अरे देवा, काय बाप मिळाला मला! जिनं तुला कडेवर घेऊन वाढवला, जिच्या हातानं तुझे गणपती विकले गेले, तिला तू जन्मालाच येऊ दिलं नाहीस! भरकोर्टात आवाज चढला असता माझा. तोंडाला पदर लावून मी पान उलटलं.

पुढचं पान वंशावळ. ती टाइप केलेली नव्हती. पांढऱ्या फुलस्केप कागदावर काळ्या शाईनं वरती आजोबांची चौकट, तिच्यातून सरळ खाली एक रेघ, वडिलांची चौकट, तिथून दोन रेघा, एकीखाली भाऊ, एकीखाली मी. अक्षर माझं.

मग सगळं आठवलं. वकिलानं सुवाच्य अक्षरात वंशावळ मागितली म्हणून वडिलांनी मला कागद दिला, तो कारखान्यातच. श्रावण होता, आखणीचे दिवस. आत्या माझ्यापासून दोन हातांवर पाटावर बसली होती, मान खाली. वडील हळू आवाजात सांगत होते आणि मी लिहीत होते. "खाली तुम्हा दोघांची नावं घाल," ते म्हणाले. कोर्टाच्या कागदावर माझं नाव! मला केवढं अप्रूप वाटलं. रेघ ओढताना मी श्वाससुद्धा धरला. एक डोळा पुरा करून आत्यानं मान वर केली, चष्मा नव्हता तेव्हा तिच्याकडे, दुरूनच बघून म्हणाली, "काय अक्षर हाय गो तुझं!"

"तुझीच शिकवण, अक्का," वडील म्हणाले.

ती हसली आणि दुसऱ्या डोळ्याला लागली.

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. एकोणीस वर्षांची घोडी होते मी, मला मोजता येत होतं. आजोबांना मुलं दोन, कागदावर एक. पण माझं नाव आलं होतं ना! तेवढ्यात मी खूश. आणि त्या नावाचंही पुढं काय झालं? लग्नानंतर दोन वर्षांनी भावाच्या नावे हक्कसोडीवर सही करून आले, माहेर तुटू नये म्हणून. तेलही गेलं, तूपही गेलं.

पुढच्या आठवड्यात नक्कल हातात पडली, शिक्क्यासकट. तीन दिवस ती माझ्या कपाटात साड्यांखाली होती. आत्याचा फोन आला की मी सांगायचे, अजून तयार नाही, कोर्टाचं काम असंच. चांगल्या कारकुनावर आळ घेतला मी. चौथ्या दिवशी इथल्या एका वकिलाला दाखवली. तो म्हणाला, "अहो मॅडम, हा कागद तुमच्या आत्याच्या बाजूचाच आहे. सख्खी मुलगी असून दडवली, हे दाखवलं की झालं. फक्त वंशावळ कुणी, कशी लिहिली हे सांगणारा साक्षीदार जिवंत हवा."

"आहे," मी म्हटलं.

त्यानं वकीलपत्र तयार करून दिलं. तेही पर्समध्ये टाकलं आणि पेणहून रोह्याची गाडी धरली. पुलावरून चालत अष्टमीत गेले. आत्याच्या दोन खोल्यांतली एक रिकामी झाली होती. पोती शिवून भिंतीला लावलेली, वरच्या पोत्यावर रंगाच्या कुंचल्यांचा डबा. जोह्याला न्यायला.

मी पर्स उघडली. नक्कल हातात दिली. तिनं चष्मा लावला, खिडकीपाशी गेली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, प्रतिज्ञापत्र तिनं बोट ठेवून वाचलं, एकदा, मग पुन्हा. मग वंशावळीचं पान. त्यावर ती बराच वेळ होती. बोट आजोबांच्या चौकटीवरून खाली आलं, वडिलांवर थांबलं, परत वर गेलं, बाजूच्या कोऱ्या जागेवर फिरलं.

"अक्षर तुझं ना गो?"

"व्हय," मी म्हटलं. कित्येक वर्षांत माझ्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता.

तिनं कागद उजेडाकडे धरला. आखणी झाल्यावर मूर्ती धरायची तसाच.

"रेघ झाक हाय," ती म्हणाली. "हात कुठं हलला नाय तुझा."

मी रडले. मोठ्यानं रडले, शेजारीण डोकावून गेली इतकं. आत्या, मला शिव्या घाल म्हटलं, थोबाडीत मार. आपण दावा लावू, मी कोर्टात उभी राहून सांगीन की हे मी लिहिलं, भाऊ तोंड बघणार नाही तर न बघो. वकीलपत्र तिच्यापुढे ठेवलं, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. आणि निकाल लागेपर्यंत पेणला चल, माझ्याकडे राहा, खोली रिकामी आहे, आजच चल.

तिनं नक्कल घडीवर घडी घालून माझ्या हातात परत दिली. वकीलपत्राला हात लावला नाही. पोत्यावरचा कुंचल्यांचा डबा उचलून तिनं पुन्हा फळीवर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुझ्याकडं कोण म्हणून येऊ गो? माझ्या बापाला पोरगीच नाय. मंग तुझी मी कोण?"