एकोणिसावा सीझन, तिसावा भाग

मार्चमधल्या एका रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, आईच्या आवाजाची एकमेव स्वच्छ नोंद असलेली फाइल मी संगणकाला काढून टाकायला सांगितली. तिच्याबरोबर आणखी अकरा फाइली होत्या. चूक लक्षात आली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. चार वर्षांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत तिचं स्वरयंत्र काढावं लागलं. त्याआधीची दोन वर्षं आवाज घोगरा झाला होता आणि मोबाइलवर तिचे जे व्हिडिओ आहेत ते सगळे त्या दोन वर्षांतले. आता ती पाटीवर लिहून बोलते. शाळेतलीच पाटी, शाळेतलीच पेन्सिल. वडिलांना, म्हणजे आप्पांना, ती अर्धं वाक्य लिहून पुसते. उरलेलं त्यांना कळतं.

शहरात केबल नवी होती तेव्हा काही हौशी मंडळींनी छावणी भागातल्या एका घरात तेरा भागांची मालिका केली होती. नाव ‘हात’. एका नळावर पाणी भरणाऱ्या चार घरांची गोष्ट. कलाकार म्हणजे शिक्षक, बँकेतले कारकून, एक परिचारिका. नवव्या भागात एका प्रसंगात आई होती. मालिका दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला शहराच्या केबलवर लागायची. आप्पा तेव्हा लासूर स्टेशनवर सहायक स्टेशन मास्तर होते आणि गुरुवारी त्यांची संध्याकाळची ड्युटी असे. निघण्यापूर्वी ते व्हीसीआरला वेळ लावून जात. तेराही भाग त्यांनी असेच, घरी नसताना, रेकॉर्ड केले. प्रत्येक कॅसेटवर रेल्वेच्या सवयीने इंग्रजी अक्षरांत ‘HAT 19.30’ असं लिहिलं आणि पुढे वर्तुळात भागाचा आकडा.

गेल्या हिवाळ्यात त्या कॅसेट माळ्यावरून काढल्या तेव्हा फितींना बुरशी लागली होती. छावणीत लग्नाच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेऊन देणारं एक दुकान आहे. दुकानदाराने तीन आठवडे एकेक फीत हाताने पुसली, एकेकदाच चालवली आणि तेरा फाइली एका मेमरी कार्डावर दिल्या. फिती पुन्हा चालण्यासारख्या राहिल्या नाहीत, हे त्याने आधीच सांगितलं होतं. फाइलींना त्याने कॅसेटवरचीच नावं दिली. वर्तुळ टाइप करता येईना, म्हणून आकडे कंसात टाकले.

त्या रविवारी मी कार्ड संगणकात घातलं आणि घरच्या चित्रपट-मालिका मांडून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते दाखवलं. हे सॉफ्टवेअर फाइलचं नाव वाचतं, इंटरनेटवरच्या यादीत त्या नावाची मालिका शोधतं आणि तिचं चित्र, कथासार, कलाकारांची नावं आपोआप आणून लावतं. मिनिटभरात जुळणी झाली. पडद्यावर टोपी घातलेला एक गोरा गृहस्थ आला.

आप्पा चष्मा पुसून पुढे झाले. “हा कोण?”

“इंग्रजीत हॅट म्हणजे टोपी, आप्पा. त्याने तसं वाचलं.”

“आन् आपला नळ?”

आईने पाटी वर धरली. ‘नळाला पाणी नाही म्हणून टोपी.’

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. टोपीवाल्याखाली मात्र एकच भाग दिसत होता. सीझन एकोणीस, भाग तीस. १९.३० ही रेल्वेच्या पद्धतीने लिहिलेली साडेसातची वेळ होती. सॉफ्टवेअरने पूर्णांकाला सीझन समजलं आणि अपूर्णांकाला भाग. कंसातले आकडे संगणक सहसा एकाच फाइलच्या प्रतींना देतो, म्हणून तेरा भाग त्याच्या लेखी एका भागाच्या तेरा प्रती झाले. हे सगळं मला नंतर समजलं. त्या वेळी पडद्यावर एवढंच लिहिलेलं होतं की एका भागाच्या तेरा प्रती आहेत, जादा बारा काढून टाकू का?

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. एकच बातमी दोन ठिकाणांहून आली की एक काढायची, हे काम दिवसातून अनेकदा करतो. मी ‘हो’ दाबलं. त्यावर एक सूचना उमटली. ती न वाचता बंद केली.

नंतर आई-आप्पांसोबत पहिला भाग पाहिला. तो संपल्यावर आईने लिहिलं, ‘नववा लाव.’

नववा नव्हता. दुसराही नव्हता.

नववा कुठे गेला, असं आप्पांनी दोनदा विचारलं. आईने पाटी पुसली आणि मांडीवर ठेवली.

छावणीच्या दुकानदाराला फोन लावला. त्याच्याकडे प्रत असेल अशी आशा होती. काम दिलं की पंधरा दिवसांत आपल्याकडचं पुसतो, असं तो म्हणाला. मग काय झालं ते त्याने विचारलं. मी सांगितलं.

“कार्ड बाहेर काढा, साहेब. बाजूला नखाएवढं बटन हाय बघा. वर है क्या नीचे?”

“खाली.”

“हौ. मग काय टेन्शन नाय. मी लॉक करूनच देतो. खाली असलं ना, तर त्याच्यातलं काही पुसलं जात नाय. तुम्ही पुसा, तुमचा कम्प्युटर पुसू दे.”

“सगळ्यांना लॉक करून देता?”

“सगळ्यांना. गिऱ्हाईक काय भी दाबतंय, साहेब. बुरा नका मानू.”

मी फोन चालू ठेवूनच कार्ड परत घातलं आणि सॉफ्टवेअर बाजूला सारून सरळ कार्डावरच्या फाइली उघडल्या. तेरा होत्या. मी न वाचता बंद केलेली सूचना हीच असणार की कार्डावर बदल करता येत नाही. सॉफ्टवेअरने फक्त आपल्या यादीतली नावं काढली होती. दुकानदाराचे आभार मी फोनवर मानले. ते कमी पडले असं वाटतं, म्हणून इथेही मानतो.

“व्हय, आहे का?” आप्पा मागून विचारत होते.

“तेराही आहेत.”

आईने लिहिलं, ‘तुमचं १९.३० नडलं.’

“माझं काय चुकलं, बाई? साडेसातलाच लागायची ना ती?” घरातही ते तिला बाई म्हणतात, शाळेतल्यासारखं. “टायम बरोबर आहे. वाचणारा चुकला.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ती वेळ त्यांनी दर आठवड्याला लावली नसती तर सॉफ्टवेअरला चुकायलाही काही मिळालं नसतं.

दुपारी फाइली संगणकावर उतरवून घेतल्या. सॉफ्टवेअरमध्ये जुळणी तोडण्याची सोय आहे. ती वापरली आणि टोपीवाला गेला. भागांना एक ते तेरा अशी साधी नावं दिली. यादीत ही मालिका कुठेच नव्हती, त्यामुळे माहितीचे रकाने रिकामे आले. ते भरायला आई जवळ बसली. प्रत्येक भागाचं कथासार तिने पाटीवर सांगितलं, मी टाइप केलं. पाचव्यात दोन वाक्यं जास्त झाली तर तिनेच एक खोडलं. कलाकारांत तिला सगळ्यांची नावं आठवली, स्वतःचं तिने शेवटी घालायला लावलं. प्रसारणाच्या वेळेसाठी एक रकाना होता. तिथे आप्पांनी १९.३० लिहून घेतलं. तो त्या आकड्याचा योग्य रकाना होता.

चार वाजून दहा मिनिटांनी नववा भाग लावला. चौदाव्या मिनिटाला आई नळाशी येते. अंगावर शाळेची सुती साडी, हातात कळशी. रांग मोडणाऱ्या बाईला ती म्हणते, “अहो, बादली तुमची असंल, नळ काय माहेराहून आणलाय का?”

आवाज थोडा वरच्या पट्टीतला आहे. मागे खरखर आहे, पण शब्द सगळे कळतात.

आप्पा म्हणाले, “पुन्हा लाव.” पुन्हा लावलं. आईने पाटीवर लिहिलं, ‘असंल नाही, असेल. दिग्दर्शकाने म्हणायला लावलं.’

“लई भारी होतं की,” आप्पा म्हणाले.

तो प्रसंग त्या दुपारी पाच वेळा पाहिला. त्यात आईची सहा वाक्यं आहेत. संगणकावरच्या प्रतीची आणखी एक प्रत बहिणीकडे पाठवली आहे आणि ती पोचल्याचं तिने कळवलं आहे. मूळ कार्ड लोखंडी कपाटात आहे. त्याचं बटण खालीच आहे.