मामाचा हात

निवृत्ती गेला, हे मला शाळेच्या वाटेवर, गाडी कडेला घेऊन तंबाखू मळताना कळलं. फोन त्याच्या थोरल्या भावाचा, दौंडहून. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणाले. मी मळलेली तंबाखू तोंडात टाकली आणि मग गाडी दौंडकडे वळवली. लिहायला लाज वाटते, पण घडलं ते असंच.

शिरूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत तो विज्ञान शिकवायचा, मी मराठी. व्यसनमुक्तीचा तासही त्याच्याकडेच. फलक आणि घोषणा त्यानं पहिल्याच वर्षी बंद केल्या. "तोटे पोरांना पाठ हायेत. नको कसं म्हणायचं, ते कुठं शिकवतो आपण?" आमच्याकडे पारावर थोरल्या माणसानं मळून हात पुढं केला की चिमूट उचलायची, अशी रीत. नाकारलं तर पोराला माज आला म्हणतात. म्हणून तो वर्गात त्याचीच तालीम घ्यायचा आणि मामा म्हणून मला उभं करायचा. "खोटा मामा पोरं लगेच वळखत्यात. तू अस्सल हायस."

मी रिकामा तळहात चोळून पुढं धरायचो. "घे की भाच्या. का लई मोठा झालास?" वर्ग हसायचा. निवृत्तीची शिकवण अशी, की नकार द्यायचा पण माणूस तोडायचा नाही. त्याच्याकडं दुसरं काहीतरी मागायचं. "मामा, हे नको. पाणी द्या." मग मी टेबलावरचा तांब्या पुढं करायचो. तास संपला की शाळेमागं जाऊन खरी तंबाखू मळायचो. पोरांना ते ठाऊक होतं, निवृत्तीलाही. "एकदा तू भाचा हो," एवढंच तो म्हणायचा. मी हसण्यावारी न्यायचो...

तो गेल्यावर महिन्याभरानं तो तास माझ्याकडे आला. सवयीनं मामाच्या जागी उभा राहिलो. सातवीतली कोमल उठली, पण तिनंच तळहात चोळून माझ्यापुढं धरला.

"घ्या की सर. का लई मोठं झालात?"

या वेळी कुणी हसलं नाही. हात रिकामा आहे हे दिसत होतं, तरी माझी बोटं चिमटीसाठी जुळली. ती सोडवून म्हणालो, "हे नको. पाणी दे."

तिनं तांब्या भरून आणला. मी तो सगळा प्यालो, पोरं बघत होती.

घंटा झाली. डबी खिशातच होती. त्या दिवशी शाळेमागं गेलो नाही. रोजचं काही अजून छातीठोकपणे सांगता येत नाही... पण शाळा भरायच्या आधी निवृत्तीच्या टेबलावरचा तांब्या आता मीच भरून ठेवतो.